तोंडी कळवले

आमच्या आरोग्य कार्यालयात माझ्याइतकं देखणं अक्षर कुणाचंच नाही. फुशारकी म्हणून सांगत नाही. त्या अक्षराची मला आता शिसारी आलीय, म्हणून सांगतो. एकतीस वर्षं मी इथल्या प्रशिक्षण विभागाचा कारकून आहे. विभाग म्हणजे दोन टेबलं, एक लोखंडी कपाट आणि एक खिडकी. खिडकीखाली कालवा. कालव्यात कधी मेलेलं गाढव असतं, कधी नुसत्या पिशव्या असतात, वास दोन्हींचा सारखाच येतो. माझं नाव फिक्री. लोक उस्ताज फिक्री म्हणतात, कारण आमच्याकडे खिशाला पेन लावलेल्या कुणालाही उस्ताज म्हणायची रीत आहे.

सांगायचंय ते मात्र तफीदाबद्दल.

तफीदा कफ्र अल-लीफ गावच्या आरोग्य केंद्रात नर्स. चोवीस वर्षं लसीकरण तिच्याच हातात. बुटकी, रुंद, घोगऱ्या आवाजाची बाई. गावातल्या बायका तिला अब्ला म्हणतात, थोरल्या बहिणीला म्हणतात तसं, आणि तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या म्हाताऱ्याही अब्लाच म्हणतात. गावात मूल जन्मलं की दाखला निघायच्या आधी तिला कळतं, कारण चालताना तिची नजर रस्त्यावर नसते, गच्चीवर असते. दोरीवर लंगोट वाळताना दिसले की तिनं दार ठोठावलंच. "किती दिवसांचा झाला? आणि मला कुणी सांगितलं का नाही? मी काय मेले होते?"

पोलिओच्या फेरीत थेंब घातल्यावर दारावर खडूनं खूण करायची असते. आमच्या कितीतरी नर्सा आधी खूण करतात, थेंबांचं नंतर बघू म्हणतात, आणि ते नंतर काही येत नाही. तफीदाचं उलट. मूल झोपलेलं असलं तर ही उंबऱ्यावर बसकण मारणार, मूल उठेपर्यंत त्या घरच्या भाजीला नावं ठेवणार, आणि थेंब तोंडात गेल्याशिवाय खडू खिशातून काढणार नाही. एका माणसानं लसीनं पोरं वांझ होतात असं कुठूनतरी ऐकलं आणि तिन्ही पोरं गच्चीवरच्या कबुतरखान्यात लपवली. ही शिडीनं वर चढली. विष्ठेत आणि पिसांत गुडघे टेकून तिघांनाही थेंब घालून खाली आली. तो माणूस खाली तोंड वासून उभा. त्याला म्हणाली, "पोरांचं झालं. कबुतरांना पुढच्या फेरीत."

अशा बाईला आयुष्यात एक गोष्ट हवी होती. लसीकरण पर्यवेक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी अलेक्झांड्रियाला तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि ते पन्नाशीच्या आत सुरू करावं लागतं. पन्नास पूर्ण झाली की दार बंद. मी एकदा तिला विचारलं होतं, कशाला हवीय ही कटकट, चार पैसे जास्त मिळतात म्हणून? ती म्हणाली, "उस्ताज फिक्री, मला पंचवीस केंद्रांचे फ्रिज उघडून बघायचेत. नुसते एकदा उघडून बघायचेत. माझी खात्री आहे, निम्म्यांत लसीशेजारी मासे ठेवलेत."

तिचं म्हणणं बरोबर होतं. निम्म्यांत नाही, पण चारांत तरी होते.

प्रशिक्षणाच्या याद्या आमच्या वरच्या कार्यालयातून येतात, सेवेच्या वर्षांप्रमाणे. पहिली यादी आली तेव्हा तफीदाचं नाव तिच्यात पहिलंच होतं. तिच्या नवऱ्यानं, अब्दुल-मुकसिदनं, तांता शहरातून एक तपकिरी सूटकेस आणली. तो इराकमध्ये विटा वाहून पाठ मोडून परत आलेला माणूस, घरात बसून असायचा. तरी म्हणाला, जा तू, पोरींचं जेवण मी बघतो. मी यादी घेऊन साहेबांकडे गेलो. साहेबांनी नाव वाचलं आणि चष्मा काढला.

"हिला तीन आठवडे सोडलं तर कफ्र अल-लीफचं कोण बघणार?"

"दुसरी नर्स आहे, साहेब."

"ती? तिला सुईचं टोक कुठलं ते कळतं का? अहो, अख्ख्या तालुक्यात आकडे नीट येतात ते फक्त या बाईचे. तिच्याशिवाय चालत नाही." मग त्यांनी आमच्या खोलीच्या उघड्या दारातून पलीकडे पाहिलं. तिथं नशवा बसली होती. आमच्याच विभागातली कारकून, मांडीवर वर्तमानपत्र, त्यावर मुलुखियाच्या भाजीची जुडी, पानं खुडत होती. "हिला पाठवा. हिचं इथं काय अडतंय?"

"आणि तफीदाचं काय लिहू?"

"काहीतरी लिहा. तिलाच जायचं नाही म्हणावं."

मी लिहिलं. घरगुती अडचणीमुळे प्रशिक्षणास येणे शक्य नसल्याचे संबंधित कर्मचाऱ्याने तोंडी कळवले. तोंडी कळवले म्हटलं की सही लागत नाही. हा शब्दप्रयोग माझाच, आणि मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. अक्षर असं उतरलं होतं की साहेब कागद लांब धरून बघत राहिले.

त्यानंतर साहेब पाच झाले. खुर्चीबरोबर ते वाक्य एकाकडून दुसऱ्याकडे जात राहिलं. तिच्याशिवाय चालत नाही. ज्याचं काम चांगलं त्याला जागचं हलू द्यायचं नाही, आणि ज्याच्यावाचून काहीच अडत नाही त्याला शिकायला पाठवायचं. कुणी दुष्टपणा म्हणून हे ठरवलेलं नाही. उलट सगळ्यांना हे फार शहाणपणाचं वाटतं, आणि मला ओकारी येते ती त्या शहाणपणाचीच. नशवाच्या नावावर आज सतरा प्रमाणपत्रं आहेत. लसीकरण, रोगांच्या साथी, बाळंतपण, कचऱ्याची विल्हेवाट, पुढारीपण, दोनदा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण आमच्याकडे कुत्र्यालाही पीठ नको होतं. नशवा खरोखर काकुळतीला यायची. "मला नका हो पाठवू, उस्ताज. त्या हॉटेलातला भात गार असतो, आणि तो माणूस पडद्यावर चित्रं दाखवत बसतो, झोप आवरत नाही. मागच्या वेळी माझी मान धरली."

"नशवा, तुझ्याशिवाय आमचं चालतं, त्याला मी काय करू?"

"हो ना," ती म्हणायची आणि मुलुखिया खुडायला लागायची. मनाला लागलं तर नाहीच तिला कधी.

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तफीदा लसीचं मागणीपत्रक घेऊन कार्यालयात यायची. येताना माझ्यासाठी फडक्यात बांधून फितीर, म्हणजे पापुद्र्यांची तुपातली पोळी, आणायची, पदराखाली गरम राहिलेली, तुपानं कागद पारदर्शक झालेला, आणि बाजूला बरणीत जुनं खारवलेलं चीज. मी खायचो. समोर बसून ती विचारायची, "काय उस्ताज, नाव आलं का?"

"अजून वरून आलं नाही, अब्ला."

"वर म्हणजे कुठं? वर तर कबुतरं आहेत."

आम्ही दोघं हसायचो. मग ती कोरा कागद पुढं सरकवायची. तिचं स्वतःचं अक्षर फार वाईट होतं, ओळी तिरक्या जायच्या, म्हणून अर्ज तिला माझ्याकडून लिहून हवा असायचा. "तुमच्या अक्षरात लिहा. साहेबांना वाचायला बरं वाटेल." मी लिहून द्यायचो. मला प्रशिक्षणास जाण्याची मनापासून इच्छा असून घरची कोणतीही अडचण नाही, तरी माझ्या नावाचा विचार व्हावा. खाली ती आपली वाकडी सही करायची. तो अर्ज माझ्या टेबलाच्या खणात जायचा आणि नकाराची चिठ्ठी फाइलीत. दोन्ही माझ्याच हातच्या, एकाच शाईच्या. अकरा याद्या आल्या, अकरा चिठ्ठ्या गेल्या. हे लिहिताना माझं तोंड कडू झालंय, पण तेव्हा फितीर गोडच लागायची, खोटं कशाला सांगू.

नशवाकडून मात्र ती एक गोष्ट घेऊन जायची. प्रशिक्षणाहून आलेल्या जाडजूड फाइली. नशवा त्यांत भाजीची सालं गुंडाळायची. तफीदानं एकदा ते पाहिलं आणि तिच्या हातातून कागद ओढून घेतला. "अगं, यावर लिहिलंय काहीतरी!"

"घेऊन जा बाई सगळं. कपाटात जागा नाही."

सतराच्या सतरा फाइली तिनं कफ्र अल-लीफला नेल्या आणि वाचल्या. अडलं की केंद्रातल्या प्रयोगशाळेतला समीह तिला अर्थ सांगायचा. हा समीह चाळिशीचा, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा अबोल माणूस. शिकायची त्यालाही हौस, त्याचेही अर्ज मीच लिहायचो. दुपारी रुग्ण ओसरले की दोघं चहाचे पेले घेऊन त्या फाइली उलगडायचे. एकेका पानावर भाजीचे हिरवे डाग होते.

अखेर जे व्हायचं ते झालं. पर्यवेक्षिकेची जागा रिकामी झाली, प्रमाणपत्र फक्त नशवाकडे होतं, नशवा पर्यवेक्षिका झाली. उंटावरून शेळ्या हाकायला तिला गाडी मिळाली. तफीदा तिला मुबारक म्हणाली, वर मिठाईही दिली. मला म्हणाली, "दोन जागा असतात तालुक्याला. दुसरी अजून आहे."

जुलैमध्ये नशवा कफ्र अल-लीफला तपासणीला गेली. तफीदा फेरीवर होती. वीज गेली होती, फ्रिजमधला तापमानाचा काटा थोडा वर चढलेला दिसला. नशवानं त्रिगुणी लसीच्या सगळ्या बाटल्या उचलून वर बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. थंड म्हणजे चांगलं, आणखी थंड म्हणजे आणखी चांगलं. वीज आली, ती निघून आली. संध्याकाळी तिला आठवलं, तेव्हा तिनं चौकीदाराला फोन केला, त्या बाटल्या जरा खाली ठेव रे. त्यानं ठेवल्या. सकाळी साठ बाया कडेवर पोरं घेऊन ओळीत, आणि तफीदानं फ्रिज उघडला तर बाटल्यांवरचे कागद ओले.

तिनं दोन बाटल्या हलवल्या, टेबलावर ठेवल्या आणि वाट बघत बसली. चांगली लस बराच वेळ सारखी गढूळ राहते. गोठून वितळलेली फाटलेल्या दुधासारखी होते, चोथा खाली, पाणी वर. दोन्ही बाटल्यांत चोथा खाली बसला. तिनं सगळ्या बाटल्या बाजूला काढल्या आणि साठ बायांना सांगितलं, रविवारी या.

दुसऱ्या दिवशी तिला कार्यालयात बोलावलं. आताचे साहेब डॉक्टर लम्ई. त्यांचे केस काळेकुळकुळीत रंगवलेले असतात आणि बोलताना ते माणसाकडे न बघता टेबलाच्या काचेत स्वतःकडे बघतात.

"साठ बायका परत पाठवल्यास? साठ? महिन्याचा आकडा कुठं गेला माझा?"

"ती लस राहिली नव्हती, डॉक्टरसाहेब. पाणी झालं होतं. पाणीच टोचायचं तर मी कशाला हवी, कालव्यावरचा कोणीही टोचेल."

"हे हलवून बघायचं खूळ तुला कुणी शिकवलं? कुठल्या प्रशिक्षणात?"

"नशवाच्या," तफीदा म्हणाली.

नशवा तिथंच उभी होती, पायाच्या बोटाकडे बघत. बाटल्या कुणी गोठवल्या ते मलाही ठाऊक होतं, नशवालाही, आणि साहेबांनाही ठाऊक असावं, कारण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. लस वाया घालवल्याबद्दल तफीदाला लेखी ताकीद द्या, म्हणाले. ताकीद मी लिहिली. बाहेर आल्यावर नशवा तिच्याजवळ जाऊन पुटपुटली, "अब्ला, माझ्या डोक्यातच आलं नाही गं." तफीदा म्हणाली, "तिसऱ्या फाइलीत आहे. पान चाळीस. त्याच्यावर भेंडीचा डाग आहे बघ."

त्याच हिवाळ्यात लुब्ना आली. विद्यापीठातली पोरगी, बारीक, सुती पिशवी, खूप प्रश्न. सरकारी आरोग्य संस्थांत कर्मचाऱ्यांच्या वाढीसाठी वातावरण कसं आहे, हा तिचा अभ्यासाचा विषय. तिनं साठ छापील अर्ज दिले, प्रत्येकात अडतीस विधानं. पुढं पाच चौकटी, पूर्ण सहमतपासून पूर्ण असहमतपर्यंत. अर्ज निनावी, ज्यानं त्यानं मोकळेपणानं भरायचे. साहेबांनी तिला चहा पाजला, दारापर्यंत पोचवलं आणि गठ्ठा माझ्या टेबलावर आदळला.

"फिक्री, भरून टाका. चांगलं दिसलं पाहिजे हं. पण खरंही वाटलं पाहिजे."

एका दुपारी मी साठ माणसांचं मन भरलं. एकाच हाताच्या खुणा ओळखू येतील म्हणून चार पेनं घेतली आणि निम्मे अर्ज डाव्या हातानं भरले. या संस्थेत प्रत्येकाला शिकण्याची संधी मिळते. पूर्ण सहमत. प्रशिक्षणासाठी निवड गरज आणि पात्रता पाहून होते. पूर्ण सहमत. माझे वरिष्ठ माझ्या प्रगतीत रस घेतात. सहमत, कारण सगळीकडेच पूर्ण कसं चालेल. खरं वाटावं म्हणून दहा-बारा जणांना मी उपाहारगृहाबद्दल पूर्ण असहमत केलं. एक अर्ज मनातल्या मनात तफीदाचा म्हणून भरला. तो डाव्या हातानं भरला होता. हात जरा अवघडला एवढंच, लाज तेव्हा आली नाही. लुब्नानं प्रशिक्षणाची फाइलही मागितली. तीही मी दिली, आणि ती म्हणाली, "किती सुंदर ठेवलीय हो!" तेव्हा मी मान झुकवून आभार मानले. तिनं सगळ्याच्या प्रती काढून नेल्या.

फेब्रुवारीत तिनं निष्कर्ष वाचून दाखवायचे ठरले. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून साहेबांनी सगळ्या केंद्रांवरून माणसं बोलावली. प्रत्येकाला एक पेटी, आत कोंबडीचा तुकडा, पाव आणि केळं. तफीदा समीहबरोबर आली होती. बारा मार्चला तिला पन्नास पूर्ण होणार होती. त्याआधीच्या शेवटच्या प्रशिक्षणाची यादी चारच दिवसांपूर्वी आली होती, वर्ग एक मार्चपासून होता, आणि तिचं नाव पुन्हा पहिलं होतं. मी अजून काही लिहिलं नव्हतं. आत शिरताना तिनं विचारलं, "या वेळी?" मी म्हणालो, "या वेळी बघू." एवढ्यावरही तिचा चेहरा उजळला.

लुब्नानं पडद्यावर आकडे दाखवले. वातावरण उत्तम, पाचापैकी साडेचार. तक्रार फक्त उपाहारगृहाची. साहेब मान डोलावत होते. मग ती म्हणाली, "एक अडचण मात्र दिसते. संस्था संधी देते, पण काही कर्मचारीच पुढं येत नाहीत. उदाहरणार्थ, कफ्र अल-लीफ केंद्रातल्या एका नर्सनं अकरा वेळा प्रशिक्षण नाकारलंय. घरगुती अडचण म्हणून. अशा अनुत्सुक लोकांचं मन वळवायला वेगळा प्रयत्न हवा."

मागच्या रांगेत केळं सोलायचा आवाज थांबला. तफीदा उठून उभी राहिली.

"कुठली नर्स म्हणालीस, बाळ?"

"नाव मी सांगू शकत नाही, ताई. नियम आहे."

"कफ्र अल-लीफला लसीची नर्स एकच आहे. दाखव मला तो कागद."

लुब्ना गोंधळली. साहेब म्हणाले, बसा, नंतर बोलू. पण तफीदा तोवर पुढं पोचली होती, आणि पोरीनं घाबरून प्रतींची चळत तिच्या हातात दिली. तिनं पहिली वाचली. दुसरी वाचली नाही, नुसती बघितली. मग एकेक करत अकराही बघितल्या, अगदी बाटली उजेडात धरून बघायची तशा. शेवटची झाल्यावर तिनं मान वर केली आणि अख्ख्या सभागृहात मला शोधून काढलं. मी खांबाआड होतो. माझ्या तोंडात कोंबडीचा घास होता, तो मला गिळताही येईना आणि थुंकताही येईना.

माझ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. साहेबांकडे वळून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी हे नाकारलेलं नाही. ते जाऊ द्या. यादी आलीय असं ऐकते. मी जायला तयार आहे. सगळ्यांसमोर सांगते, म्हणजे तोंडी कळवलं असं झालं."

लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. समीह तर उभा राहिला. साहेबही हसले, टाळी वाजवत म्हणाले, "पाठवू की! तुम्हाला नाही तर कुणाला?"

त्या संध्याकाळी अब्दुल-मुकसिदनं कपाटावरची तपकिरी सूटकेस खाली काढली, असं समीहनं मला नंतर सांगितलं. तिच्यात इतकी वर्षं हिवाळ्यातली पांघरुणं ठेवलेली होती.

सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. काचेत बघत भांग नीट करत होते. "त्या बाईला पाठवायचं कबूल केलंय ना आपण, मग पाठवायला हवं. पण तीन आठवडे नाही. आकड्यांचा महिना आहे. विद्यापीठाच्या सूचनेनुसार वरून एक नवा वर्ग आलाय, मार्चच्या पहिल्या आठवड्यात, तीनच दिवस. अनुत्सुक कर्मचाऱ्यांचं मन वळवण्यासाठी. तिला तिथं पाठवा. शब्द पाळल्यासारखं होईल."

"आणि अलेक्झांड्रिया, साहेब? तिला बारा तारखेला पन्नास होतात."

"तारखा एकमेकींवर येतात ना? मग आता तर खोटंही लिहायला नको. भांडारातला तो झोपाळू आहे ना, त्याला पाठवा."

मी बाहेर आलो. बारावी चिठ्ठी लिहिली. संबंधित कर्मचारी त्याच कालावधीत अन्य प्रशिक्षणास जात असल्याने. बारा चिठ्ठ्यांत खरी एवढीच.

तफीदा गेली. तपकिरी सूटकेस घेऊन गेली, तिची मूठ बसस्टँडवरच तुटली, म्हणून काखोटीला मारून गेली. तीन दिवस पहिल्या रांगेत बसली. शिकायला का जावं, यावर एका माणसानं पडद्यावर चित्रं दाखवली. तिनं सगळं लिहून घेतलं. बारा मार्चला ती कफ्र अल-लीफला होती, लसीकरणाचा दिवस होता.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला ती मागणीपत्रक घेऊन आली. फडकं नव्हतं, बरणी नव्हती. मागणीपत्रक तिनं स्वतःच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं. तिचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावर कोरंच पडलेलं होतं, कारण त्यावरची नावं घालायचं कामही माझंच.

"घाला नाव," ती म्हणाली. "मी बसते."

मी लेखणी काढली. तफीदा मुहम्मद अल-बसूनी, घातलं. दोनदा थांबावं लागलं. ती बघत होती. शाई वाळेपर्यंत खालून कालव्याचा वास येत राहिला. मग मी खण उघडला आणि तिचे अर्ज बाहेर काढले. खणात का ठेवले होते ते मलाही ठाऊक नाही. फाडायचं धाडस नव्हतं आणि पाठवायचंही नव्हतं.

"अब्ला, मी... साहेब सांगायचे..."

"साहेब सांगायचे ते मला ठाऊक आहे. साहेबांचं अक्षर मी बघितलेलं नाही, उस्ताज फिक्री. मी तुमचं बघितलं." तिनं अर्जांना हात लावला नाही. प्रमाणपत्र मात्र उचललं, लांब धरून बघितलं. "किती छान काढता हो. पुढच्या वेळी जरा वाईट काढत जा. म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलंय असं तरी वाटेल त्या माणसाला."

ती उठली. दाराशी नशवा भेटली. नशवानं तिला सावकाश जिना उतरायला सांगितलं, पायरी तुटलीय म्हणून. मी खिडकीतून बघितलं. ती कालव्याकाठानं चालली होती, नजर गच्च्यांवर.

पंधरा दिवसांनी प्रयोगशाळेच्या प्रशिक्षणाची यादी आली. पहिलं नाव कफ्र अल-लीफच्या समीहचं होतं. मी यादी घेऊन आत गेलो. डॉक्टर लम्ईंनी नाव वाचलं, काचेत बघितलं आणि म्हणाले, "हा? छे. याच्याशिवाय चालत नाही."

मी माझ्या टेबलाशी येऊन बसलो. कोरी चिठ्ठी पुढं घेतली. नशवा मुलुखिया खुडत होती. मग मी पेन डाव्या हातात घेतलं.